दुकान लॉकचं आणि चोरी जीपची: ऑफ-रोड गाडी सांभाळायचा पूर्ण धडा



या आठवड्याच्या व्हिडिओत गिअर लॉक, किल स्विच आणि जीपीएस ट्रॅकर प्रत्यक्ष बसवून दाखवले. पण हिशोबाचा आणि कागदपत्रांचा भाग घाईत उरकला, म्हणून तो इथे नीट लिहितोय. वही-पेन घेऊन बसा, शेवटी गृहपाठ आहे.

सुरुवात माझ्याच फजितीपासून करतो.

माझं कार ॲक्सेसरीजचं दुकान आहे. लॉक, अलार्म, कॅमेरे विकणं आणि बसवणं हाच धंदा. आणि २०१८ च्या पावसाळ्यात माझीच जीप चोरीला गेली! जुनी एमएम ५४०, फोर बाय फोर, ३ लाख १० हजारांना सेकंडहँड घेतलेली. वर ६० हजारांचं काम केलं होतं. सामान आणायला तीच, गिऱ्हाईकांना विंच आणि लाईट लावून दाखवायलाही तीच. दुकानाची चालती-फिरती जाहिरातच म्हणा ना.

बीड बायपासला घरासमोरच्या उतारावर उभी केली होती. सकाळी सहाला बघतो तर जागा रिकामी. दोन्ही चाव्या माझ्या उशाशी, जीप मात्र नाही. रात्री कुणी इंजिनचा आवाजही ऐकला नाही, कारण घरासमोर ती चालूच केली नव्हती. उतारावरून ढकलत कोपऱ्यापर्यंत नेली, गिअरमध्ये टाकली, क्लच सोडला आणि गेली. समोरच्या दुकानाच्या कॅमेऱ्यात हे सगळं दिसलं.

पुढे मी अजून दोन चुका केल्या. दुपारपर्यंत मित्रांना घेऊन स्वतःच शोधत फिरलो, पोलीस ठाण्यात गेलो दुपारनंतर. आणि विमा? जुनी गाडी आहे, कशाला पैसे घालायचे, म्हणून फक्त थर्ड पार्टी घेतला होता. थर्ड पार्टी विम्यात स्वतःच्या गाडीच्या चोरीचा एक रुपयाही मिळत नाही. ३ लाख ७० हजार गेले ते गेलेच.

आई म्हणाली, "दिव्याखाली अंधार." तेव्हा राग आला होता. आज तेच वाक्य मी ट्रेनिंगच्या पहिल्या दिवशी सांगतो.

या धड्याचं एकच सूत्र

आधी शोधा की तुमची गाडी नेमकी कशी चोरीला जाऊ शकते, आणि मगच पैसे खर्च करा. मी उलटं केलं होतं. दुकानात होता म्हणून अलार्म बसवला आणि निर्धास्त झोपलो. त्या रात्री तो अलार्म वाजलाच नाही, कारण तो दार उघडल्यावर वाजणारा होता आणि माझ्या जीपला दारंच नव्हती!

१. आधी हिशोब: ही हौस नाही, भांडवल आहे

थार किंवा जीप म्हटलं की लोकांना वाटतं, हौसेची गाडी. पण आपल्या भागात तिच्यावर धंदे चालतात. कुणी म्हैसमाळ, वेरूळ, गौताळ्याच्या बाजूला पर्यटकांना फिरवतो. कुणी बोलेरो कॅम्परमध्ये सोलर पंपाचं सामान घालून कच्च्या रस्त्याने शेतावर जातो. कुणाची नर्सरी आहे, कुणाचं ॲग्रो टुरिझम.

असं समजा, गाडीपासून खर्च जाऊन दिवसाला २,००० सुटतात आणि महिन्यात २६ दिवस काम आहे. म्हणजे महिन्याची आवक ५२,०००. हप्ता १८,५००. गाडी गेली आणि क्लेम मिळायला तीन महिने लागले, तर:

- बुडालेली आवक: १,५६,०००
- खिशातून भरलेले हप्ते: ५५,५००

गाडी चोरीला गेली म्हणून बँक हप्ता थांबवत नाही, हे अनेकांना पहिल्यांदा तेव्हाच कळतं. शिवाय ठरलेल्या ऑर्डर दुसऱ्याकडे जातात, त्या परत येतीलच असं नाही.

आता दुसरी बाजू. चांगलं गिअर लॉक, किल स्विच, ट्रॅकर आणि चाकांचे लॉक नट हे सगळं फिटिंगसह साधारण ९ ते १० हजारांत बसतं. दुकानाला शटर लावताना आपण विचार करतो का, "परवडेल का?" मग गाडीच्या बाबतीतच का करायचा?

२. गाडी कशी जाते? पाच वाटा

*पहिली वाट: जुनी जीप.* दुसऱ्या महायुद्धाच्या मूळ विलीज जीपला पुढे पुढे चावीच ठेवली नव्हती, साधा खटका होता. कारण कुठल्याही सैनिकाला ती लगेच चालवता यावी. महिंद्राने १९४७ मध्ये मुंबईत त्याच विलीज जीपची जुळणी सुरू केली आणि तिथून आपल्याकडच्या जीपचा वंश सुरू झाला. कुणालाही सहज चालवता यावी हा तिचा गुण, आणि चोरासाठी तीच सोय.

त्यात जुनं डिझेल इंजिन मेकॅनिकल पंपाचं. एकदा सुरू झालं की त्याला विजेची फारशी गरज नाही. धक्क्याने सुरू होतं, चावीची वायर जोडूनही सुरू होतं.

*दुसरी वाट: चिपच्या चावीची गाडी.* नव्या गाड्यांत इमोबिलायझर असतो. चावीतली चिप ओळखली नाही तर इंजिन सुरू होत नाही. पण चोर काच फोडून आत शिरतो, स्टिअरिंगखालच्या ओबीडी पोर्टला मशीन जोडतो आणि नवी चावी गाडीला ओळखायला लावतो. हा तोच पोर्ट, जिथे मेकॅनिक स्कॅनर लावतो.

*तिसरी वाट: बटन स्टार्ट.* चावी घरात दाराजवळच्या खुंटीला असते. एक जण घराजवळ उपकरण घेऊन उभा राहतो, दुसरा गाडीजवळ. चावीचा सिग्नल लांबवून गाडीपर्यंत पोहोचवतात. गाडीला वाटतं, मालक आला. ब्रिटनमध्ये महागड्या एसयूव्हींच्या अशा चोऱ्या इतक्या वाढल्या की काही गाड्यांचा विमा मिळणंच अवघड झालं.

*चौथी वाट: उचलून नेणं.* टो करून किंवा ट्रकवर चढवून. भरदिवसा नेली तरी बघणाऱ्याला वाटतं, बिघडलेली गाडी गॅरेजला चालली आहे.

*पाचवी वाट: आपणच चावी देणं.* विकायला काढलेली गाडी टेस्ट ड्राइव्हला देणं, ओळखपाळख नसलेल्याला भाड्याने देणं, नवीन ड्रायव्हरचे कागद न बघता त्याला पाठवणं. यावर पुढे बोलतो.

आणि एक छोटी चोरी विसरू नका, सुट्या भागांची. मागच्या दारावर लटकलेली स्टेपनी, बॅटरी, फॉग लाईट, विंच. ऑफ-रोड गाडीचं सगळं बाहेरच असतं.

३. मग उपाय: थरावर थर

एक गोष्ट स्पष्ट ऐका. पक्क्या चोराला कायमचं अडवणारं लॉक मी तरी पाहिलेलं नाही, आणि मी ती विकतो. आपलं काम एवढंच, त्याचा वेळ खायचा. दोन मिनिटांचं काम पंधरा मिनिटांचं केलं की तो बहुतेक वेळा दुसरी गाडी शोधतो.

दिसणारं लॉक. गिअर लॉक किंवा जाड स्टिअरिंग लॉक. स्टिअरिंग लॉक बाहेरून दिसतं, हा त्याचा मोठा फायदा. पण हॅक्सॉने स्टिअरिंगची रिम कापून ते काढता येतं, म्हणून जमलं तर दोन्ही लावा. फोर बाय फोर ट्रान्सफर लिव्हर असेल तर तिलाही लॉक करून घेता येतं.

लपलेला किल स्विच. इथे गाडीप्रमाणे उपाय बदलतो, नीट वाचा.
- कॉमन रेल डिझेल किंवा पेट्रोल गाडी: फ्युएल पंपाच्या किंवा स्टार्टरच्या रिलेवर स्विच चालतो. पंपावर असेल तर धक्क्यानेही गाडी सुरू होत नाही.
- जुनी मेकॅनिकल पंपाची जीप: नुसती वायर तोडून भागत नाही. डिझेलच्या लाईनला लपलेला कॉक बसवा. तो बंद केला की लाईनमधल्या उरलेल्या डिझेलवर गाडी थोडं अंतर जाईल आणि बंद पडेल. माझ्या जीपला हा कॉक असता तर ती बहुतेक पुढच्याच चौकात सापडली असती. कॉकचा खर्च किती? एका जेवणाच्या बिलाइतका.

वॉरंटीतल्या गाडीची मूळ वायर कापू नका, कपलरवर बसणारी फिटिंग मागा. आणि मोबाईलवरून इंजिन बंद करणारा ट्रॅकर असेल तर धावत्या गाडीवर ते बटन कधीच दाबायचं नाही. मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याचा जीव तुमच्या गाडीपेक्षा मोलाचा आहे.

ओबीडी पोर्टला कुलूप. चिपच्या चावीच्या गाडीला हे हवंच. पोर्टवर लोखंडी झाकण लावता येतं.

चावीसाठी धातूचं अस्तर असलेलं पाऊच. बटन स्टार्टवाल्यांसाठी. चावी पाऊचमध्ये टाकून गाडीजवळ जा. दार उघडलं नाही तर पाऊच चांगलं. ही टेस्ट दर दोन-तीन महिन्यांनी करा, आतलं अस्तर झिजतं.

ट्रॅकर. वायरवर चालणारा एक आणि बॅटरीवर चालणारा छोटा दुसरा. चोर पहिला शोधतो आणि काढतो, म्हणून दुसरा हवा. गौताळ्याच्या बाजूला किंवा घाटात मोबाईल नेटवर्क तुटतं, तेव्हा चांगला ट्रॅकर माहिती साठवतो आणि रेंज आल्यावर पाठवतो. घेताना हे विचारा. माझ्याकडे येणाऱ्या बंद ट्रॅकरचं सर्वांत कॉमन कारण सांगू? सिमचा रिचार्ज संपलेला! मोबाईलमध्ये रिमाइंडर लावा.

ब्लूटूथ टॅग लावला तरी हरकत नाही, पण त्याच्या एकट्यावर विसंबू नका. आजूबाजूला फोन असतील तेव्हाच त्याचा पत्ता लागतो, आणि अनोळखी टॅग सोबत आहे अशी सूचना चोराच्या फोनवरही जाऊ शकते.

लॉक नट. पाचही चाकांना. स्टेपनीला विसरू नका.

४. उभी कुठे आणि कशी करता?

- उतारावर उभी करायचीच वेळ आली तर गाडीचं तोंड चढाकडे, चाक कडेला वळवून भिंतीला किंवा दगडाला टेकलेलं.
- मॅन्युअल फोर बाय फोर असेल तर रात्री फोर-लोमध्ये घालून पहिल्या गिअरला उभी करा. पुढची-मागची चाकं एकत्र बांधली जातात, त्यामुळे ढकलणं आणि एक बाजू उचलून ओढणं अवघड होतं. सकाळी टू-एचला आणायला विसरू नका.
- कापडी छत ब्लेडने कापता येतं. अशा गाडीत आत काहीही ठेवायचं नाही, अगदी रिकामी बॅगही नाही.
- वाळूज किंवा शेंद्र्याला कंपनीच्या बाहेर दिवसभर गाडी उभी राहत असेल, तर रोज वेगळ्या जागी लावा. कॅमेऱ्यासमोर मिळाली तर उत्तम.
- घरी एक कॅमेरा नंबर प्लेट दिसेल इतका खाली लावा. गच्चीवरच्या कॅमेऱ्यात नुसतं टक्कल दिसतं.

५. चावी आणि माणसं

चावी किती जणांच्या हातातून जाते, मोजा. वॉशिंग सेंटर, गॅरेज, हॉटेलचा व्हॅले, ड्रायव्हर. घराच्या आणि दुकानाच्या चाव्यांच्या जुडग्यात गाडीची चावी देऊ नका. वॉशिंगला फक्त एक सुटी चावी. दुसरी मूळ चावी तिजोरीत, कारण चोरीच्या क्लेमच्या वेळी विमा कंपनी दोन्ही मूळ चाव्या मागते. एक आधीच हरवली असेल तर आजच लेखी नोंद करा.

टेस्ट ड्राइव्हला बरोबर बसल्याशिवाय गाडी द्यायची नाही. लायसन्सचा फोटो आधी, चावी नंतर.

आता भाड्याचं. मला दर महिन्याला कुणीतरी विचारतं, "सर, पांढऱ्या प्लेटची थार पर्यटकांना सेल्फ ड्राइव्हला दिली तर?" नका देऊ, दादा. सेल्फ ड्राइव्ह भाड्याच्या गाडीला परवाना लागतो, तिची प्लेट काळी आणि अक्षरं पिवळी असतात. खासगी गाडी भाड्याने दिली आणि ती परत आली नाही, तर विमा कंपनी दोन मुद्दे काढते. एक, वापर पॉलिसीच्या बाहेरचा होता. दोन, ही चोरी नाही, तुम्हीच चावी दिली, म्हणजे हा विश्वासघाताचा मामला. धंदा करायचाच तर परवान्याचा मार्ग धरा, किंवा परवान्याच्या गाडीवर स्वतःचा ड्रायव्हर द्या.

६. विमा: शेवटचा थर, पण सर्वांत मोठा

कॉम्प्रिहेन्सिव्ह किंवा ओन डॅमेज हवाच. थर्ड पार्टीवर चोरी मिळत नाही. हे वाक्य मला ३ लाख ७० हजारांना पडलं, तुम्हाला फुकट देतोय.

आयडीव्ही बघा. चोरीत मिळणारी रक्कम साधारण हीच. घसारा ठरलेला असतो. गाडी एक ते दोन वर्षांची असेल तर २० टक्के, दोन ते तीन वर्षांची असेल तर ३० टक्के, तीन ते चार वर्षांची असेल तर ४० टक्के. कंपनीची किंमत १४ लाख असेल आणि गाडीला अडीच वर्षं झाली असतील, तर आयडीव्ही ९ लाख ८० हजार. प्रीमियम कमी दिसावा म्हणून कुणी आयडीव्ही ८ लाख केला, तर वाचतात काही हजार आणि चोरी झाली तर जातात १ लाख ८० हजार.

नव्या गाडीला रिटर्न टू इनव्हॉइस हे ॲड-ऑन घ्या. त्यात खरेदीच्या बिलाच्या हिशोबाने रक्कम मिळते. त्यात रोड टॅक्स आणि रजिस्ट्रेशन धरलंय का, ते पॉलिसीत वाचा.

जादा सामान लिहून घ्या. विंच, लाईट बार, म्युझिक सिस्टीम, महागडे टायर पॉलिसीत नोंदवले नसतील तर त्यांचे पैसे मिळत नाहीत. बिलं जपा. आणि गाडीच्या मूळ रचनेत परवानगीशिवाय बदल केला तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चा प्रश्न येतो, क्लेमही अडकू शकतो.

वाजवी काळजी. पॉलिसीत अट असते की मालकाने गाडीची वाजवी काळजी घ्यायची. चावी गाडीत ठेवून चहाला गेलात तर कंपनी हीच अट दाखवते. २०२३ मध्ये चावी ट्रकमध्येच राहिलेल्या एका चोरीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मालकाला विम्याची ७५ टक्के रक्कम मंजूर केली. दिलासा आहे, पण पाव रक्कम गेली आणि कोर्टाची वर्षं गेली ती वेगळीच.

७. चोरी झालीच तर पहिला दिवस

माझ्यासारखं शोधत फिरू नका. हा क्रम लिहून ठेवा.

१. ११२ ला फोन. गाडी नंबर, रंग, ओळखीच्या खुणा सांगा.

२. फास्टॅगचे मेसेज बघा. टोल कटला असेल तर कुठला नाका आणि किती वाजता, ते लगेच पोलिसांना द्या. पोलिसांशी बोलल्याशिवाय टॅग बंद करू नका. पण लक्षात घ्या, समृद्धीवर टोल बाहेर पडताना कटतो. सावंगीला आत शिरलेल्या गाडीचा मेसेज तिथे येणार नाही, ती उतरेल तिथून येईल. म्हणून मेसेज नाही म्हणजे गाडी शहरातच आहे, असं समजू नका.

३. ट्रॅकरचं लोकेशन पोलिसांना दाखवा. स्वतः मागे जायचं नाही. गाडी पुन्हा घेता येते.

४. त्याच दिवशी एफआयआर. १ जुलै २०२४ पासून चोरीला भारतीय न्याय संहितेचं कलम ३०३ लागतं. चोरी कुठल्या हद्दीत झाली यावरून अडू नका. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार हद्दीचा विचार न करता तक्रार देता येते. इलेक्ट्रॉनिक पद्धतीने दिली तर तीन दिवसांत जाऊन सही करायची.

५. विमा कंपनीला त्याच दिवशी फोन आणि ईमेल. क्लेम नंबर लिहून घ्या. एका ट्रॅक्टर चोरीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २४ जानेवारी २०२० ला सांगितलं, की एफआयआर ताबडतोब दिला असेल तर विमा कंपनीला कळवायला उशीर झाला एवढ्याच कारणावरून क्लेम नाकारता येत नाही. तरी उशीर कशाला करायचा?

६. आरटीओला आणि कर्ज असेल तर बँकेला लेखी कळवा, पोच घ्या.

७. तपास करूनही गाडी सापडली नाही, तर पोलीस न्यायालयात अंतिम अहवाल देतात. आपल्याकडे त्याला "अ समरी" म्हणतात, म्हणजे गुन्हा खरा पण तपास लागला नाही. क्लेमच्या शेवटच्या टप्प्यात हाच कागद अडतो. त्याचा पाठपुरावा आठवड्याला करा, आणि करताना आवाज नरम ठेवा.

गृहपाठ (वेळ: एक तास)

१. पाच वाटांपैकी तुमच्या गाडीला कुठल्या दोन लागू होतात, लिहा. पहिला खर्च त्याच दोन बंद करायला.

२. चासी नंबर, इंजिन नंबर, चारही बाजू आणि दोन खास खुणांचे फोटो काढा. आरसी, विमा, बिलं एका फोल्डरमध्ये ठेवा आणि घरातल्या एका माणसाला पाठवा. मूळ आरसी गाडीतून काढा, डिजिलॉकरमधली दाखवता येते.

३. दोन्ही मूळ चाव्या हातात घेऊन बघा. "असेल कपाटात" चालणार नाही.

४. पॉलिसी उघडा. थर्ड पार्टी की कॉम्प्रिहेन्सिव्ह? आयडीव्ही किती? कर्ज किती बाकी? कर्ज आयडीव्हीपेक्षा जास्त असेल तर तो फरक चोरी झाल्यावर तुमच्या खिशातून जाणार.

५. दुसऱ्या माणसाला सांगा, "किल्लीशिवाय ही गाडी हलवून दाखव." मेकॅनिक मित्र असेल तर उत्तम. तो किती मिनिटांत हलवतो, तेवढीच तुमच्या गाडीची सुरक्षा.

पाचवा प्रयोग मी २०१८ च्या आधी केला असता तर आमच्या मेकॅनिकने दोन मिनिटांत उत्तर दिलं असतं. आता दुकानात फिटिंग झालेली प्रत्येक गाडी आम्ही गिऱ्हाईकासमोर अशीच तपासतो. त्यामुळे कधी महागडं लॉक विकलं जात नाही आणि साधा कॉक विकला जातो. नफा कमी होतो, पण ते गिऱ्हाईक पुढच्या वेळी भावाला घेऊन येतं. धंद्याचा हा धडा मला त्या जीपनेच शिकवला.

पुढच्या भागात दुकानाचा आणि गोडाऊनचा विमा बघू. तोपर्यंत आज रात्री गाडी उभी करताना एकदा मागे वळून बघा, आणि चोराच्या नजरेने बघा.